सोसायटीच्या गरम पाण्यासाठी हीट पंप: सभेत ठराव मांडण्याआधी वाचा

पुणे आणि परिसरातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

चाळीस फ्लॅटची एखादी इमारत घ्या. डिसेंबरातल्या सकाळी सातला निम्मे गीझर एकदम सुरू आहेत असं धरलं, तर दोन किलोवॉटच्या हिशेबाने ४० किलोवॉटचा भार नुसत्या अंघोळीसाठी लागतो. तेच पाणी टेरेसवरच्या हीट पंपाने दिवसभरात सावकाश तापवून टाकीत साठवलं, तर साधारण ५ किलोवॉट वीज घेणारं यंत्र पुरतं. हे कसं जमतं, त्यासाठी इमारतीत काय काय बदलावं लागतं आणि कोणत्या इमारतीने हा खर्च करू नये, ते अशा यंत्रणा बसवणारे आम्ही इथे सांगत आहोत. पत्रक जरा लांब आहे, कारण सभेत विचारले जाणारे बहुतेक प्रश्न यंत्राच्या कॅटलॉगमध्ये नसतात.

पाणी किती तापवायचं?

अंघोळीला ४० ते ४२ अंशांचं पाणी लागतं. घरोघरचे गीझर मात्र ६० ते ७५ अंशांवर लावलेले असतात आणि आपण त्यात गार पाणी मिसळून घेतो. गीझरच्या बाबतीत ही सवय खपून जाते, कारण त्यात एक युनिट विजेची एक युनिटच उष्णता होते. पाणी ५० ला तापवा नाहीतर ७० ला, हे प्रमाण बदलत नाही.

हीट पंपाचं तसं नाही. तो वीज जाळून उष्णता तयार करत नाही, तर बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो. फ्रिज आतली उष्णता काढून पाठीमागे टाकतो, तेच काम हा उलट्या हेतूने करतो. हवा आणि पाणी यांच्या तापमानात अंतर जितकं कमी, तितके कष्ट कमी. पुण्याच्या हिवाळ्यात ५५ अंशांपर्यंत पाणी तापवताना एक युनिट विजेमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. पाण्याचं तापमान एका अंशाने चढवलं की हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरतं. म्हणून ‘थोडं जास्तच तापवून ठेवा, कमी पडायला नको’ हा आग्रह आम्ही मान्य करत नाही. पाणी कमी पडू नये यासाठी टाकी मोठी घ्यावी, तापमान वाढवू नये.

मग थेट ४२ अंशांवर का ठेवत नाही? कारण लिजिओनेला. हा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात भरलेल्या ‘अमेरिकन लिजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनात त्याची साथ आली आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळालं. ज्येष्ठ नागरिक आणि दम्याचे रुग्ण प्रत्येक सोसायटीत असतात, त्यामुळे इथे आम्ही वीज वाचवत बसत नाही. टाकी ५५ अंशांवर ठेवतो, इमारतीत फिरून परत येणारं पाणी ५० च्या खाली जाऊ देत नाही आणि आठवड्यातून एकदा संपूर्ण टाकी ६० च्या वर नेऊन तासभर तशीच ठेवतो. तुमच्या इमारतीत कोणी अवयव प्रत्यारोपण झालेलं किंवा केमोथेरपी घेत असलेलं असेल, तर आधी सांगा; तिथे टाकी कायमच ६० वर ठेवतो आणि लहान मुलांना चटका बसू नये म्हणून मिश्रणाचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (गार पाणी मिसळून नळाचं तापमान आपोआप मर्यादेत ठेवणारा) बसवतो. त्यात वीज थोडी जास्त जाते, ती जाऊ द्यावी.

आधी पाइप, मग यंत्र

आमचं सगळ्यात ठाम मत या भागात आहे. बरेच ग्राहक ‘कोणत्या कंपनीचा हीट पंप घ्यावा’ इथून सुरुवात करतात. सुरुवात डक्टमधल्या, म्हणजे पाइप उभे नेलेल्या पोकळीतल्या, पाइपांपासून करायला हवी.

मध्यवर्ती गरम पाण्यात पाणी टेरेसवरून खाली येतं आणि रिटर्न लाइनमधून पुन्हा वर जातं, म्हणजे तळमजल्यावर नळ उघडला की लगेच गरम पाणी मिळतं. उघड्या पाइपच्या दर मीटरमागे २० ते ३० वॉट उष्णता हवेत जाते. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत असा पाइप २०० मीटर सहज भरतो. २५ वॉट धरले तरी चोवीस तासांत १२० युनिट उष्णता डक्टमध्येच संपली. त्याच इमारतीच्या सगळ्या अंघोळींना लागणारी उष्णता १६० युनिटच्या आसपास असते! पाइपवर चांगलं आवरण चढवलं आणि पाणी फिरवणारा पंप टायमरवर टाकला, तर हीच गळती वीस-बावीस युनिटवर येते. हा फिरवणारा पंप आम्ही दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त बंद ठेवत नाही, कारण पाइपमध्ये कोमट पाणी साचून राहणं पुन्हा त्या जिवाणूच्या सोयीचं आहे.

टेरेसवर जाऊन जुन्या सोलरचे पाइप एकदा बोटाने दाबून बघा. काळा फोम उन्हाने कडक होऊन भुगा झालेला असतो आणि वळणांवर तर पाइप उघडाच असतो. फोमवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा ऊन सोसणारं कव्हर नसेल, तर तो फार काळ टिकत नाही. कोटेशनमध्ये आवरणाची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली आहे का, ते पाहा. नुसतं ‘इन्सुलेशनसह’ असेल तर लिहून मागा.

दुसरी गोष्ट लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘वरच्या मजल्यावर कढत आणि आमच्याकडे कोमट’ ही तक्रार आली की दोष सोलरच्या किंवा हीट पंपाच्या माथी जातो. पुष्कळदा कारण एखाद्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये असतं. मिक्सरचे गरम आणि गार दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढे फक्त हँड शॉवरचं बटण बंद केलेलं असतं. गार पाण्याचा दाब जास्त असला की ते मिक्सरमधून उलटं गरम लाइनीत शिरतं आणि त्या रांगेतल्या सगळ्यांचं पाणी कोमट होतं. हे शोधायला आमचा माणूस पहाटे, कोणी नळ उघडण्याआधी, डक्टमध्ये उतरून प्रत्येक मजल्याच्या फाट्यावर हात लावत जातो. जो फाटा गार लागतो, त्या फ्लॅटची बेल वाजवायची. उपाय सोपा आहे: प्रत्येक फ्लॅटच्या गरम आणि गार दोन्ही जोडांवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. खर्च किरकोळ आहे, पण एकूण एक फ्लॅटमध्ये बसवायला हवा. दोन घरं सुटली तरी तक्रार तशीच राहते. म्हणून ठरावातच ‘प्रत्येक सभासद प्लंबरला आत येऊ देईल’ असं लिहून घ्या.

हिशेब

दर फ्लॅटला रोज ५५ अंशांचं १०० लिटर पाणी धरू. हिवाळ्यात इमारतीच्या गार पाण्याच्या टाकीतलं पाणी २० अंशांवर असतं. गार पाणी मिसळून अंघोळीचं सुमारे १६० लिटर होतं, म्हणजे चौघांच्या वाट्याला दोन-दोन बादल्या. चाळीस फ्लॅटचं ४,००० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे १६३ युनिट उष्णता लागते. गीझरने केलं तर तितकीच वीज. हीट पंपाला पाइपमधली गळती धरून १८५ युनिट उष्णता द्यावी लागते, तिला ६२ युनिट वीज, अधिक फिरवणाऱ्या पंपाची दोन-तीन. युनिट १० रुपयांना धरलं, तर रोजचे १,६३० रुपये आणि ६५० रुपये असा फरक आहे. दर फ्लॅटमागे हिवाळ्याच्या महिन्यात सातशे-साडेसातशे रुपये वाचतात. उन्हाळ्यात कमी, कारण तेव्हा पाणी मुळातच कोमट असतं. वर्षभराचा आकडा हिवाळ्याच्या आकड्याला बारांनी गुणून कोणी दाखवला, तर तो हिशेब मान्य करू नका. हेच गणित उघड्या पाइपांवर केलं, तर ६२ ऐवजी ९४ युनिट येतात.

टाकी किती लिटरची, हे मात्र सरासरीवर ठरत नाही. वर्षातली एक पहाट अशी असते की अख्खी इमारत सूर्योदयाआधी अंघोळ करते: नरक चतुर्दशी. घरोघरी पाहुणे, अंगाला तेल-उटणं, त्यामुळे पाणीही रोजच्यापेक्षा जास्त. आम्ही टाकीचं माप त्या पहाटेवर ठरवतो. त्या दिवशी पाणी कमी पडलं तर पुढची दहा वर्षं सोसायटीत तेच ऐकावं लागतं, आणि सभासदांचं त्यात काही चुकत नाही.

यंत्र एक मोठं न घेता अर्ध्या क्षमतेची दोन घ्या. एक दुरुस्तीला गेलं तरी दुसऱ्यावर काम निभावतं. पाषाण, एनडीएच्या बाजूला पारा शहरापेक्षा बराच खाली जातो; तिथे यंत्राचं माप थोडं वाढवावं लागतं. निफाडसारख्या ठिकाणी तर यंत्राच्या बाहेरच्या कॉइलवर (हवेतली उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरू शकतो, त्यामुळे बर्फ आपोआप वितळवण्याची सोय असलेलंच यंत्र हवं.

टेरेसवर आधीच सोलर आहे, त्याचं काय?

चालू असेल तर ठेवा. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या हिशेबाने १०० लिटरचा सौर बंब वर्षाला १,५०० युनिटपर्यंत वीज वाचवतो. त्याचं तापलेलं पाणी हीट पंपाच्या टाकीत घेतलं की दोघांची जोडी छान जमते: फेब्रुवारी ते मे सोलर पुढे, पावसाळ्यात हीट पंप पुढे. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं असलं तरी हवा उबदार आणि दमट असते आणि दमट हवेतून हीट पंपाला जास्त उष्णता मिळते.

पण टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार बसून सोलर निकामी झाला असेल, तर नळ्या बदलण्यापेक्षा त्या जागी वीज तयार करणारी पॅनेल लावा. पॅनेल आणि हीट पंप मिळून तेवढ्याच जागेत साधारण तितकीच उष्णता देतात, छतावर पाणी खेळवावं लागत नाही आणि उरलेली वीज लिफ्ट-पंपाला वापरता येते. वर हिशेबात घेतलेल्या चाळीस फ्लॅटच्या इमारतीला १५ किलोवॉट पुरेसे आहेत. त्याला सुमारे दीड हजार चौरस फूट मोकळं, सावली नसलेलं छत लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे २ लाख ७० हजार. हीट पंप कॉमन मीटरवर जोडावा तो यासाठी. दिवसा, पॅनेल चालू असताना टाकी तापवून घ्यायची. हवाही दुपारीच सर्वांत उबदार असते.

जर्मनी-हॉलंडला मुलांकडे राहून आलेले ज्येष्ठ सभासद विचारतात, ‘तिकडचा हीट पंप हाच का?’ तत्त्व तेच. तिकडे तो घरं उबदार ठेवतो, खोल्यांच्या फरशीखालच्या नळ्यांत ३५ अंशांचं पाणी फिरवून; जुन्या रेडिएटरला ६०-७० लागायचं. तापमान उतरवण्यासाठी तिकडे आधी भिंती-खिडक्यांना आवरण घालतात. आपल्याकडे खोल्या तापवायच्या नाहीत, त्यामुळे ते काम पाइपांपुरतं राहतं.

कोणी हे करू नये

पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर थांबा. तीन-चार वर्षांत पाडायच्या इमारतीवर आम्ही काम घेत नाही. त्याऐवजी नव्या इमारतीत आवरणासह रिटर्न लाइन करारातच घालून घ्या, बांधकामाच्या वेळी ती स्वस्तात होते. बाथरूमपर्यंत गरम पाण्याची वेगळी लाइनच नसलेल्या जुन्या इमारतीत नव्या लाइनी टाकायचा खर्च यंत्राहून जास्त होऊ शकतो. निम्मे फ्लॅट बंद असतील तरीही परवडत नाही, कारण पाइप सगळ्यांसाठी तापवावे लागतात.

बाथरूममध्ये गॅस गीझर असलेल्या घरांना मात्र आम्ही कळकळीने सांगतो: सोसायटीचा निर्णय काहीही होवो, तो गीझर आजच बाथरूमबाहेर काढा. बंद बाथरूममध्ये त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने माणसं दगावली आहेत.

खर्चाची वाटणी

सरसकट मेंटेनन्समध्ये घालू नका. दोन माणसांच्या घराने सहा माणसांच्या घराचं बिल का भरावं, यावर भांडणं होतात आणि चांगली चाललेली यंत्रणा बंद पडते. प्रत्येक फ्लॅटला गरम पाण्याचा मीटर लावा. पाइप तापते ठेवण्याचा खर्च सर्वांवर समान, बंद फ्लॅटवरसुद्धा. बाकी वापरलेल्या लिटरप्रमाणे.

पहिल्या हिवाळ्यात कोणीही गीझर काढून टाकू नये, स्विच बंद ठेवला की पुरे. काम फेब्रुवारी ते मे या काळात काढलं तर दिवाळीआधी सगळं तपासून होतं. यंत्र कोणाच्या बेडरूमच्या डोक्यावर येणार नाही अशी जागा निवडतो आणि खाली रबरी पॅड देतो. आवाज एसीच्या बाहेरच्या युनिटइतका असतो. देखभाल करारात कॉइलची सफाई, टाकीतला अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून बसवलेली कांडी) तपासणं आणि सकाळी सहाला फोन उचलणारा माणूस, या तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात.

पाहणीला येण्याआधी एवढं तयार ठेवा: कॉमन मीटरची आणि निदान पाच-सहा फ्लॅटची बारा महिन्यांची वीजबिलं, प्लंबिंगचा नकाशा असल्यास तो, टँकर आणि बोअर दोन्हींच्या पाण्याचा क्षार तपासणी अहवाल, आणि डक्टच्या किल्ल्या. पाहणी पहाटे साडेपाचला सुरू करतो, तेव्हा वॉचमनला आदल्या दिवशी सांगून ठेवा.