निरुपद्रवी स्नायुस्फुरण

मज्जासंस्थेचा कोणताही आजार नसताना पापणी, पोटरी, मांडी किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला स्नायू आपोआप, क्षणभर, पण दिवसदिवस वारंवार उडत राहण्याच्या स्थितीला निरुपद्रवी स्नायुस्फुरण म्हणतात. स्नायूला चालना देणाऱ्या एखाद्या मज्जातंतूत इच्छेवाचून विद्युत्संकेत उमटला, की त्याच्या ताब्यातले सगळे स्नायुतंतू एकदम आकसतात आणि कातडीखाली किडा वळवळल्यासारखे दिसते. पोटरीत गोळा येणे ही याहून वेगळी व दुखरी गोष्ट आहे, मात्र एकाच व्यक्तीला दोन्ही त्रास असू शकतात.

पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवला तर शुभ, ही समजूत सोलापुरातही परिचित आहे. शकुनात तथ्य नसले, तरी तिच्यामुळे लवणारी पापणी कोणी फारशी मनावर घेत नाही. तेच स्फुरण पोटरीत दिसले, की माणूस रात्री मोबाइलवर असाध्य आजारांची नावे शोधू लागतो. वास्तविक रीड व कर्लंड या संशोधकांच्या १९६३ मधील पाहणीत सुमारे ७० टक्के निरोगी व्यक्तींनी असे स्फुरण अनुभवल्याचे सांगितले होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाने अशा १२१ रुग्णांचा २ ते ३२ वर्षे पाठपुरावा करून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतील एकालाही प्रेरक, म्हणजे स्नायूंना चालना देणाऱ्या, मज्जापेशींचा ऱ्हास करणारा आजार झाला नव्हता.

मूळ कारण बहुधा सापडत नाही. जागरण, थकवा, अतिश्रम, चिंता आणि जास्त चहा-कॉफी यांनी स्फुरण वाढते. सोलापुरात यंत्रमागावर उभ्याने रात्रपाळी करून चहावर जागणाऱ्या कामगाराच्या वाट्याला यांतली बरीचशी एकत्रच येतात. खात्रीचे औषध नाही. झोप सुधारणे, चहा कमी करणे आणि एकदा नीट तपासणी झाल्यावर आरशासमोर पोटरी न्याहाळत न बसणे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. यांतली शेवटची गोष्टच सर्वांत अवघड जाते, कारण लक्ष दिले की उडणे अधिक जाणवते आणि त्यातून चिंता वाढते.

हातापायांतली ताकद कमी होणे, स्नायू रोडावणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा गिळताना त्रास होणे, यांपैकी काही सोबत असेल, तर मात्र मेंदू व मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवावे. डाळिंब-द्राक्षांच्या बागेत कीटकनाशक फवारल्यानंतर अंग उडू लागून घाम, लाळ व उलट्या सुरू झाल्यास ती विषबाधा असू शकते. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे आणि कीटकनाशकाच्या बाटलीवरचे लेबल डॉक्टरांना दाखवावे.