सेलेनियमबाधा, माशांमधील

अन्नावाटे सेलेनियम या मूलद्रव्याचा अतिरेक झाल्याने माशांच्या प्रजननात येणारा दोष. गोड्या पाण्यात तो विशेष आढळतो. मादी धडधाकट दिसते, अंडीही घालते. मात्र तिच्या शरीरातील सेलेनियम अंड्याच्या पीतकात (पिवळ्या बलकात) उतरलेले असते. पिल्लू पीतक शोषू लागले की कणा वाकतो, डोळे बटबटीत बाहेर येतात, पीतककोश पाणी भरून फुगतो. अशी पिल्ले सहसा जगत नाहीत. जाळ्यात मोठे मासे येत असतानाच पुढची पिढी संपलेली असते, म्हणून ही बाधा फार उशिरा ध्यानात येते.

मूलद्रव्याचा शोध स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियस यांनी 1817 मध्ये लावला. विषबाधेची पहिली नोंद कोणती, यावर मतभेद आहेत. तेराव्या शतकात मार्को पोलो यांनी पाहिलेल्या एका विषारी वनस्पतीने जनावरांचे खूर गळून पडत, असा उल्लेख त्यांच्या प्रवासवर्णनात आहे आणि तो सेलेनियमचाच असल्याचे अनेक ग्रंथ सांगतात. ती वनस्पती निश्चित ओळखता आलेली नाही, शिवाय खूर इतर कारणांनीही गळतात. त्यामानाने अमेरिकेतील मिसूरी नदीकाठच्या फोर्ट रँडल येथे 1856 च्या सुमारास लष्कराच्या घोड्यांच्या आजाराविषयी झालेली नोंद अधिक ग्राह्य वाटते. तिचा सेलेनियमशी संबंध मात्र 1930 च्या दशकात जुळला. हे द्रव्य अल्प प्रमाणात आवश्यक असल्याचे 1957 मध्ये सिद्ध झाले. आवश्यक आणि घातक मात्रेतील अंतर मुळातच कमी आहे.

व्यंग नेमके कशाने येते? प्रथिनांत गंधकाच्या जागी सेलेनियम बसून त्यांची घडी बिघडते, हा जुना विचार. पण मेथिओनीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाऐवजी त्याचे सेलेनियमयुक्त रूप सेलेनोमेथिओनीन बसले तरी प्रथिनाच्या घडीत फारसा फरक पडत नाही, कारण घडी धरून ठेवणारे गंधकाचे पूल मेथिओनीन बांधत नाही, सिस्टीन हे दुसरे अमिनो आम्ल बांधते. त्यामुळे पेशींवरील ऑक्सिडीकारक ताण (क्रियाशील ऑक्सिजनमुळे होणारी इजा) हे कारण आता अधिक पटण्याजोगे मानले जाते.

उत्तर कॅरोलायना राज्यातील बेल्यूज सरोवरात कोळशावरील वीजकेंद्राच्या राखेचे पाणी 1970 च्या दशकात सोडले गेले. पाण्यातील सेलेनियमचे प्रमाण लिटरला सुमारे 10 मायक्रोग्रॅमच होते, तरी 20 पैकी 19 जातींना फटका बसला आणि त्यांतील बहुतेक नाहीशा झाल्या. शैवाल व प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) यांपासून हे द्रव्य अन्नसाखळीत पायरीपायरीने साठत जाते, हे या एका सरोवराने दाखवून दिले. कॅलिफोर्नियात सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिमेकडील जमिनींतून सिंचनाच्या निचऱ्याबरोबर सेलेनियम वाहून येते. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात 1986 मध्ये आढळलेला आशियाई शिंपला पोटामोकॉर्ब्युला ते भरपूर साठवतो आणि पांढरा स्टर्जन हा मासा तेच शिंपले खातो.

मोजमाप पाण्यात करावे की माशात, हा वाद दीर्घकाळ चालला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2016 मध्ये अंडी-अंडाशयातील मर्यादेला (शुष्क वजनाच्या किलोला 15.1 मिलिग्रॅम) अग्रक्रम दिला; साचलेल्या पाण्यासाठी लिटरला 1.5 आणि वाहत्यासाठी 3.1 मायक्रोग्रॅम ठरवले. अंडे हाच खरा साक्षीदार असल्याने हा क्रम योग्यच म्हणावा लागेल.

सॅक्रॅमेंटो स्प्लिटटेल या माशात 2011 च्या सुमारास वाकड्या कण्याची पिल्ले सापडली, तेव्हा कर्णाश्म उपयोगी पडला. कानातील या चुनखडी खड्यावर झाडाच्या खोडासारखी वलये असतात. त्याचा पातळ काप घेऊन लेसरने केंद्रापासून कडेपर्यंत सेलेनियम मोजले, की आईकडून आलेले किती आणि पुढे स्वतःच्या खाण्यातून आलेले किती, हे वेगळे काढता येते.

कोलोरॅडो नदीतील रेझरबॅक सकर हा मासा (1991 पासून संकटग्रस्त) सेलेनियममुळेच घटला, असे काहींचे मत. धरणे आणि बाहेरून आलेले शिकारी मासे ही कारणे अधिक वजनदार दिसतात. अशा दुर्मिळ माशांत कर्णाश्म वापरणे अवघड, कारण त्यासाठी मासा मेलेलाच लागतो. म्हणून जिवंत माशाच्या पाठीतून सुईने स्नायूचा बारीक तुकडा काढून मासा पुन्हा पाण्यात सोडतात.