एमआरआय ‘नॉर्मल’ म्हणजे झटके खोटे?

सकाळी चहाचा कप हातातून उडतो, खांदा आपोआप झटकतो. एमआरआयचा रिपोर्ट स्वच्छ आला की घरचे म्हणतात, ‘काही नाही, मनाचे खेळ.’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चूक आहे.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, सूज, जुना पक्षाघात. झटका ही मात्र क्षणभराची विद्युत घडामोड. घराच्या फोटोत वायरिंगमधली ठिणगी कशी दिसणार?

ती पकडायला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) आणि ईएमजी (स्नायूंतल्या विद्युत लहरींची नोंद) एकत्र लावतात. मेंदूच्या बाह्य थरातून निघालेल्या झटक्यात स्नायू बहुधा ५० मिलिसेकंदांहूनही कमी वेळ आकुंचन पावतो. मुद्दाम केलेली हालचाल सहसा याहून लांबते. अनेक झटके जुळवून सरासरी काढली, की हात हलण्याच्या जेमतेम २० मिलिसेकंद आधीची मेंदूतली खूण सापडू शकते. मनगटाच्या नसेला सौम्य शॉक देऊन मेंदूचा प्रतिसादही मोजतात; काही रुग्णांत तो अवाढव्य येतो.

किशोरवयात सुरू होणारी, सकाळच्या झटक्यांची एक मिरगी आहे. तिच्यात एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच असतो, निदानाला ईईजी लागतो. आणि ‘मिरगीचीच गोळी’ म्हणून दिलेलं कार्बामाझेपिन हे झटके वाढवू शकतं!

मूत्रपिंड किंवा यकृत बिघडल्यानेही झटके येतात. तिथे साधी रक्ततपासणी आधी. झोप लागताना दचकणं मात्र बहुतेकांना होतं, त्यासाठी यातलं काहीच नको.

डॉक्टरकडे जाताना मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ न्या.