जुन्या व्हिडिओ गेमसाठी पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची निवड

पिक्चर ट्यूबचा टीव्ही जुन्या गेम कन्सोलला जोडण्यासाठी पारखून घेणे ही जुन्या खेळांच्या शौकिनांमध्ये रुळलेली रीत आहे. १९७० च्या दशकापासून २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निघालेले बहुतेक सर्व कन्सोल याच पडद्यासाठी घडवले गेले. असे संच आता बाजारात नवे येत नाहीत. मिळतो तो कुणीतरी वर्षानुवर्षे वापरलेला असतो, आणि एकाच मॉडेलचे दोन संच आज सारखे राहिलेले नसतात. म्हणून निवड मॉडेलच्या नावावरून होत नाही. आपल्या कन्सोलमधून कोणता सिग्नल निघतो हे आधी पाहावे लागते, आणि मग समोरची ट्यूब चालू करून तिची प्रकृती.

चित्र कसे उमटते

ट्यूबच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनांच्या तीन शलाका निघतात. मानेभोवतीच्या कॉइल त्यांना डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवतात. शलाका जिथे आदळते तिथला फॉस्फरचा लेप क्षणभर उजळतो आणि लगेच मावळतो. अमेरिका आणि जपानमधल्या एनटीएससी या टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीत चित्राच्या ५२५ ओळी असतात, पण त्या एका दमात काढल्या जात नाहीत. सेकंदाला सुमारे ६० वेळा अर्धे चित्र येते, एकदा विषम ओळींचे आणि एकदा सम ओळींचे. प्रत्येक अर्ध्या चित्राच्या वाट्याला दोनशे साडेबासष्ट ओळी येतात. ही वरची अर्धी ओळच पुढच्या चित्राला थोडे सरकवून आधीच्या ओळींच्या मध्ये बसवते.

जुन्या कन्सोलांनी नेमकी ही अर्धी ओळ गाळली. त्यांनी दर वेळी पूर्ण २६२ ओळी पाठवल्या, त्यामुळे प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या जागीच पडू लागले. लुकलुक थांबली, हालचाल सेकंदाला ६० पूर्ण चित्रांची झाली आणि ओळींच्या मधल्या जागा काळ्या राहिल्या. प्रत्यक्ष दिसणाऱ्या सुमारे २४० ओळींवरून आज याला ‘२४०पी’ म्हणतात, आणि त्या काळ्या फटींमुळे दिसणाऱ्या आडव्या रेघांना ‘स्कॅनलाइन’. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलचे चित्र २५६ × २४० ठिपक्यांचे, तर सेगाच्या १९८८ च्या मेगा ड्राइव्हचे बहुतेक खेळांत ३२० × २२४ ठिपक्यांचे असे. एवढ्या थोड्या ठिपक्यांतून चेहरे आणि डोंगर उभे राहत, त्यात ट्यूबच्या मऊ, गोलसर ठिपक्याचा मोठा वाटा आहे. याउलट अनेक सपाट डिजिटल टीव्ही २४०पी सिग्नलला दोन अर्ध्यांचे चित्र समजतात आणि ते सांधायला जाऊन हलती आकृती पुसट करतात.

दुसरा फायदा वेळेचा. ट्यूबचा साधा संच चित्र साठवून ठेवत नाही. सिग्नल येईल तशी ओळ काढली जाते, त्यामुळे बटण दाबल्यावरचा परिणाम संचामुळे अडत नाही. २००१ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या खेळाच्या स्पर्धांत ट्यूबचे संच अजूनही वापरले जातात ते यामुळेच. प्रकाश टिपणाऱ्या बंदुकीचे खेळ तर या पडद्याशिवाय चालतच नाहीत. ‘डक हंट’मध्ये घोडा दाबताच पडदा काळा होतो, मग पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला संवेदक तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसतो का ते तपासतो. चित्र थोडे जरी उशिरा आले तरी नेम चुकला असेच धरले जाते.

आधी कन्सोल, मग संच

कन्सोलमधून रंग किती मिसळून बाहेर पडतात यावर चित्राची स्वच्छता ठरते. आरएफ म्हणजे अँटेनाच्या जागी लावायची तार. तिच्यात चित्र आणि आवाज एकाच लहरीवर चढवलेले असतात, म्हणून ती सर्वांत गढूळ. १९७७ च्या अटारी २६०० ला आणि मूळ जपानी फॅमिकॉमला तेवढीच सोय होती. पिवळ्या पिनेच्या कंपोझिटमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेत असतात. एस-व्हिडिओ ते दोन वेगळे करतो, कंपोनंटमध्ये तीन तारा येतात, आणि आरजीबीमध्ये लाल, हिरवा व निळा हे रंग सुटे मिळतात. युरोपातील संचांवर आरजीबी बहुधा २१ पिनांच्या स्कार्ट खाचेतून येतो. फ्रान्समध्ये ती खाच १९८० पासून नव्या संचांवर सक्तीची झाली.

अमेरिकेतील पहिल्या निन्टेन्डो कन्सोलला आरएफ आणि कंपोझिट एवढेच पुरते, त्याच्यासाठी कंपोनंटचा महागडा संच शोधण्यात अर्थ नाही. मेगा ड्राइव्ह आरजीबी देतो पण एस-व्हिडिओ देत नाही. एनटीएससी प्रदेशातल्या निन्टेन्डो ६४ चे उलट आहे, त्याला एस-व्हिडिओ येतो पण फेरफार न करता आरजीबी येत नाही. पहिल्या प्लेस्टेशनला आरजीबी शोभतो, तर प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूबला कंपोनंट. या शेवटच्या दोघांचे बरेच खेळ सम-विषम ओळींच्या चित्रात चालतात, तेव्हा त्यांच्यावर गडद स्कॅनलाइन शोधू नयेत.

अधिक स्वच्छ तार नेहमीच अधिक चांगले चित्र देते, असेही नाही. १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधला धबधबा उभ्या, एकाआड एक रेघांनी रंगवलेला आहे. कंपोझिटमध्ये त्या रेघा एकमेकींत विरघळतात आणि पाणी पारदर्शक दिसते. आरजीबीवर मात्र नुसत्या पट्ट्या दिसतात. चित्रकाराने काय गृहीत धरले होते ते लक्षात घ्यायला हवे.

ट्यूबचे प्रकार

ट्यूबच्या आत, लेपाच्या मागे, छिद्रांची किंवा फटींची जाळी असते. ती प्रत्येक शलाकेला तिच्याच रंगाच्या लेपावर पोचू देते. बारीक छिद्रांची जाळी, उभ्या खाचांची जाळी आणि ताणलेल्या उभ्या तारांची जाळी हे तिचे मुख्य प्रकार. शेवटचा प्रकार सोनीने १९६८ मध्ये ट्रिनिट्रॉन नावाने आणला. त्यात उजेड अधिक मिळतो आणि काच उभ्या दिशेत सपाट असते, पण तारा थरथरू नयेत म्हणून आडव्या बांधलेल्या एक-दोन सूक्ष्म तारांची सावली पांढऱ्या चित्रावर दिसते. हा दोष नव्हे. ट्रिनिट्रॉनचे नाव फार गाजले हे खरे, तरी खाचांच्या जाळीची चांगली राखलेली ट्यूब थकलेल्या ट्रिनिट्रॉनपेक्षा केव्हाही बरी.

पुढच्या काळातल्या पूर्ण सपाट काचेच्या ट्यूबमध्ये कोपऱ्यांतल्या रेषा सरळ ठेवणे अवघड जाते. थोड्या फुगीर काचेच्या संचात रेषा सहसा अधिक सरळ असतात. दोन प्रकार मात्र टाळावेत. युरोपातले १०० हर्ट्झचे संच आणि हाय-डेफिनिशन ट्यूबचे संच चित्र आधी डिजिटल स्मृतीत घेऊन मग काढतात. त्यामुळे उशीर होतो, २४०पी बिघडतो आणि बंदुकीचे खेळ चालत नाहीत. संगणकाचे ट्यूबचे मॉनिटरही सरळ जोडता येत नाहीत, कारण कन्सोल सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी पाठवतो आणि बहुतेक मॉनिटर ३१,००० च्या खाली उतरत नाहीत. सेगाचा १९९८ चा ड्रीमकास्ट कन्सोल याला अपवाद. त्याचे बहुतेक खेळ संगणकाच्या व्हीजीए मॉनिटरवर उत्तम दिसतात.

प्रक्षेपण केंद्रे आणि स्टुडिओंसाठी बनवलेल्या मॉनिटरांचे, विशेषतः सोनीच्या पीव्हीएम आणि बीव्हीएम मालिकांचे, मोठे आकर्षण आहे. त्यांत आरजीबी हमखास असतो आणि रेषा अतिशय धारदार उमटतात. पण त्यांनी स्टुडिओत हजारो तास काढलेले असू शकतात, आणि ती धार घरातल्या टीव्हीपेक्षा वेगळीच आहे. जुने खेळ घरातल्या मऊ चित्रासाठी रंगवले गेले होते. पहिल्यांदा संच घेणाऱ्याने मॉनिटरच्या मागे न लागता एस-व्हिडिओ, कंपोनंट किंवा स्कार्ट असलेला २० ते २१ इंची साधा टीव्ही शोधावा, हे अधिक शहाणपणाचे.

आकाराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. १४ इंची संचावर चित्र आटोपशीर आणि ठसठशीत दिसते, पण दोघांनी मिळून खेळायला तो अपुरा पडतो. मोठ्या संचांचे वजन झपाट्याने वाढते, ३६ इंची काही संच १०० किलोच्या पुढे जातात. या खेळांसाठी पडद्याचे प्रमाण ४:३ असावे.

चालू करून पाहणे

संच थंड असताना चालू करावा. चित्र उजळायला कित्येक मिनिटे लागत असतील, किंवा मेनूत उजेड आणि कॉन्ट्रास्ट आधीच शेवटपर्यंत चढवलेले असतील, तर ट्यूब थकली आहे. मग १५-२० मिनिटे तापू देऊन बाकीची तपासणी करावी. कन्सोलवर चालणारी ‘२४०पी टेस्ट सूट’ ही मोफत प्रणाली यासाठी फार उपयोगी पडते.

पांढऱ्या जाळीच्या चित्रात रेषांच्या कडेला लाल किंवा निळी किनार दिसली तर तीन शलाका एका जागी पडत नाहीत. कोपऱ्यांत किंचित किनार जवळपास प्रत्येक संचात असते, मधोमध असू नये. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर रंगाचे डाग दिसले तर बहुधा जवळच्या स्पीकरमुळे जाळी चुंबकित झालेली असते. स्पीकर हलवावा, संच अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू करावा. सुरू होताना येणारा ‘धप्प’ आवाज चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा असतो, आणि डाग बहुतेक वेळा निघून जातात. काळ्या-पांढऱ्या चित्रांची अदलाबदल होताना चित्र फुगत-आक्रसत असेल तर उच्च दाबाचा पुरवठा डळमळीत आहे. एखाद्या वाहिनीचे चिन्ह किंवा मेनूची चौकट काचेवर कायमची उमटलेली असेल तर तो संच सोडून द्यावा, तो डाग दुरुस्त होत नाही. रेषांचा वाकडेपणा, चित्राची उंची आणि सरकलेली मध्यरेषा मात्र दुरुस्ती करणाऱ्यांसाठी ठेवलेल्या सर्व्हिस मेनूतून बऱ्याच अंशी सुधारते. मेनूतले मूळ आकडे आधी लिहून ठेवावेत.

दुसऱ्या प्रदेशातला कन्सोल असेल तर संच त्याची पद्धत वाचतो का तेही पाहावे. युरोपात आणि भारतात रुळलेली पाल ही प्रक्षेपणाची पद्धत ६२५ ओळींची आणि सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांची आहे. त्या प्रदेशासाठी जुळवून न घेतलेले खेळ सुमारे १७ टक्के संथ चालत आणि वर-खाली काळ्या पट्ट्या दाखवत. नंतरच्या काळातले पालचे अनेक संच ६० हर्ट्झचे चित्रही घेतात. केवळ एनटीएससीसाठी बनलेल्या संचांबद्दल ही खात्री देता येत नाही.

हाताळणी

रंगीत ट्यूबमध्ये २० ते ३० हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. माहितगार नसलेल्याने मागचे झाकण उघडू नये. आत निर्वात पोकळी असल्यामुळे काच फुटली तर तुकडे जोराने उडतात, आणि सर्वांत नाजूक भाग मागची बारीक मान असतो. ट्यूबचे जवळजवळ सगळे वजन पुढच्या जाड काचेत असते. म्हणून संच उचलताना पडदा आपल्या छातीकडे ठेवावा, आणि मोठा संच असेल तर दोघांनी उचलावा.