ओएसएल (मिनिएचर पेंटिंग)

फँटसी टेबलटॉप गेममधल्या छोट्या पुतळ्यावर, म्हणजे मिनिएचरवर, जादूची काठी, मंत्राचा गोळा किंवा पेटती तलवार खरंच उजेड टाकतेय असं नुसत्या रंगाने भासवायची पद्धत. पूर्ण नाव ऑब्जेक्ट सोर्स लायटिंग, पण बोलताना सगळे ओएसएलच म्हणतात. पुतळा साधारण 28 मिमी स्केलचा, आत एलईडी नाही की अंधारात चमकणारा रंग नाही, सगळं ब्रशचं काम.

उगमाबद्दल एकमत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलटॉप गेम 1974 चा, मिनिएचर रंगवण्याची गोल्डन डेमन स्पर्धा 1987 पासूनची, पण ओएसएल हॉबीत रुळलं ते बरंच नंतर, बहुधा 2000 च्या आगेमागे. काही जण याचं मूळ कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये शोधतात, तर काही जण थेट 17 व्या शतकातल्या मेणबत्तीच्या चित्रांपर्यंत जातात, आणि हे दुसरं मत जास्त पटतं कारण युक्ती तीच आहे. फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरने 1640 च्या दशकात ज्योतीपुढे हात धरलेलं मूल रंगवलं, त्याच्या बोटांतून उजेड आरपार येतो. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सावंतवाडीला 1882 साली जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर. समई हातात घेतलेल्या बाईचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, साधारण 1945-46 चं, आणि लोक ते अजूनही राजा रविवर्म्याचं समजतात, हे मनाला लागतं. कोकणात कोणी ओएसएल शिकत असेल तर ट्युटोरियलच्या आधी हे चित्र बघावं. ज्योत झाकणाऱ्या हाताची बोटं लालसर पेटल्यासारखी दिसतात, चेहरा उजळलाय, आणि बाकी सगळं मुद्दाम दाबलंय.

कारण उजेड दिसतो तो अंधारामुळे. मिनिएचर आधी गडद, थोड्या निळसर छटेत बसवायचं, मगच उजेडाला हात घालायचा. समजा मांत्रिकाच्या हातात हिरवा दगड आहे. दगडाचा गाभा जवळजवळ पांढरा, त्याभोवती पिवळट हिरवा, कडेला गर्द हिरवा. मग त्या दगडातून सरळ रेष काढल्यावर जे जे समोर येतं तेवढंच रंगवायचं, म्हणजे हनुवटीची खालची बाजू, बाहीचा आतला काठ, बोटांची पेरं, पण टोपीचा माथा आणि पाठ नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे ग्लेझ, म्हणजे उजेडाच्या रंगाचा पातळ थर, झपाट्याने विरत जायला हवं, आणि नवशिक्यांचं काम बहुतेक इथेच फसतं, सगळा पुतळा एकसारखा हिरवा होऊन बसतो. आसपासचं काही दगडापेक्षा जास्त उजळ असता कामा नये. शंका आली तर खोलीत अंधार करून दगडाच्या जागी बारीक टॉर्च धरायचा आणि फोटो काढून ठेवायचा.

ग्लेझ म्हणजे पाण्याने किंवा मिडियमने अगदी पातळ केलेला ॲक्रिलिक, एकावर एक थर देत जायचा, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर पुढचा. एअरब्रशने हे लवकर होतं, आणि गणपतीच्या शाळेत कॉम्प्रेसरवर गन मारलेल्याला फवारा किती लांबून सोडायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. मात्र गनचा फवारा कानाकोपऱ्यात कुठेही जातो, जिथे उजेड पोचूच शकत नाही तिथेही, त्या जागा नंतर ब्रशने परत गडद कराव्या लागतात.

फ्लोरोसंट रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ते दिसणाऱ्या उजेडात परत टाकतात, म्हणून साध्या रंगापेक्षा जास्त भडक वाटतात. पांढऱ्या थरावरच ते उठतात, काळ्यावर मरतात, आणि उन्हात लवकर उडतात, त्यामुळे असा पुतळा खिडकीत ठेवू नये.

किनारपट्टीवर खरी अडचण पावसाळ्याची. दमट हवेत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) आणि मॅट व्हार्निश (शेवटचा, चमक नसलेला संरक्षक थर) पांढुरकं धरतं, आणि गडद सावल्या त्याच्याखाली गेल्या की ओएसएल संपलंच. म्हणून जून ते सप्टेंबर प्रायमर ब्रशने लावलेला बरा. शेवटी सगळ्या पुतळ्यावर मॅट, आणि ज्या वस्तूतून उजेड येतोय तिच्यावर ग्लॉसचा एक थेंब.