गोव्यातील रस्त्यांवरची रीत

गोव्यात वाहन चालवणाऱ्यांनी एकमेकांशी, पादचाऱ्यांशी आणि वाटेत आडव्या येणाऱ्या गुराढोरांशी कसे वागावे, याचे काही लिखित नियम आहेत आणि काही अलिखित संकेत. दोन्ही मिळून जी वागणूक तयार होते, ती म्हणजे इथली रस्त्यावरची रीत. लिखित भाग साऱ्या देशाला एकच: १९८८ चा मोटार वाहन कायदा, त्याची २०१९ ची दुरुस्ती आणि वाहन कसे चालवावे याविषयीचे २०१७ चे विनियम. अलिखित भाग गोव्याचा स्वतःचा आहे आणि तो गावातून आला आहे. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. महानगर म्हणावे असे एकही शहर इथे नाही. तरी सकाळी नऊच्या सुमाराला पर्वरीहून पणजीकडे उतरणारा माणूस महानगरासारख्याच गर्दीत अडकलेला असतो. गर्दी शहराची झाली, वागणूक मात्र अजून ओळखीच्या चार माणसांत वावरल्यासारखी राहिली, हे इथल्या बहुतेक तक्रारींचे मूळ आहे.

वाटा आणि वळणे

गोव्यातले बरेचसे जुने रस्ते गाडीवाटांवर डांबर घालून झालेले आहेत. डोंगराच्या पायथ्याशी वाडा, वाड्यापुढे शेत, शेतापुढे खाजन (खाडीचे पाणी बांधाने अडवून केलेली सखल जमीन) आणि खाजनाच्या बांधावरून पलीकडच्या गावाला जाणारी वाट, अशी ही जुनी मांडणी. कुणाचा चिऱ्यांचा गडगा, कुठे खुरीस म्हणजे क्रूस, कुठे वडाचा पार, या साऱ्यांना वळसा घालत रस्ता जातो. गडग्यामुळे वळणापलीकडचे काही दिसत नाही. पूर्वी अशा वळणावर ओळख कामी यायची. समोरून येणारी गाडी कुणाची आणि तिचा चालक कसा, हे आवाजावरूनही कळायचे.

वाहने डाव्या बाजूने चालतात, यामागेही थोडा इतिहास आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक उजव्या बाजूला नेली. गोव्याने मात्र डावी बाजू सोडली नाही, कारण सीमेपलीकडचा ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत होता. त्यामुळे १९६१ च्या मुक्तीनंतर बाजू बदलण्याचा प्रश्नच आला नाही. त्या काळी प्रवासी बसला ‘कारेर’ म्हणत. जुनी माणसे अजूनही म्हणतात. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साधारण १४.५८ लाख होती. आज नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा लोकसंख्येच्या जवळपास पोचला आहे. जवळजवळ प्रत्येक घरापुढे स्कूटर, बऱ्याच घरांपुढे गाडी, आणि दाराबाहेरचा रस्ता मात्र एका बैलगाडीच्या मापाचा.

बांधावरची आणि फेरीबोटीवरची रीत

ही रीत शुद्ध रूपात पाहायची असेल तर चोडण किंवा दिवाडी बेटावर जावे. दोन्हीकडे भातशेती किंवा पाणी, मधून एका मोटारीपुरता रस्ता. समोरासमोर दोन गाड्या आल्या की ज्याला मागे रुंद जागा जवळ आहे तो मागे जातो. गाडी कुणाची मोठी, चालक कुणाचा कोण, याचा इथे संबंध नसतो. मागे गेलेल्याच्या बाजूने जाताना दुसरा स्टिअरिंगवरून चार बोटे उचलतो आणि पहिला मान हलवतो. बोटे उचलली नाहीत तर ते लक्षात राहते, घरी जेवताना त्याची चर्चाही होते. पायी चालणारी म्हातारी असेल तर गाडी तिच्या मागून हळूहळू चालते, हॉर्न वाजत नाही. तिला चाहूल लागली की तीच गवतात सरकते आणि काचेतून आत बघून गाडीत कोण आहे ते ओळखायचा प्रयत्न करते.

फेरीबोटीची रीत याच घराण्यातली. धक्क्यावर मोटारींची रांग लागते; दुचाक्या बाजूने पुढे जातात आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही, कारण मोटारींमधल्या फटी त्यांनीच भरायच्या असतात. खलाशी हाताने इंच इंच पुढे घेतो. दोन मोटारींच्या आरशांत दोन बोटांचे अंतर उरले की तळहात दाखवतो, मग हँडब्रेक आणि इंजिन बंद. उतरताना पायी माणसे कडेने जातात आणि फळी धक्क्याला टेकायच्या आधीच दुचाक्या सुरू झालेल्या असतात. जुलै १९८६ मध्ये मांडवी नदीवरचा पहिला पूल कोसळला तेव्हा पणजी–बेती फेरीबोटींवर पुन्हा सगळी भिस्त आली. रांगेत थांबणे आणि दुसऱ्याला वाट देणे त्या काळी नदीच्या दोन्ही काठांवरच्या, तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांतल्या लोकांना नव्याने शिकावे लागले. माझ्या मते गोव्यात वाहतुकीची शिस्त शिकवणारी याहून चांगली शाळा झाली नाही.

खुणांची भाषा

हॉर्नचा अर्थ गोव्यात गावाप्रमाणे बदलतो. पहाटे आणि संध्याकाळी सायकलवरून फिरणाऱ्या पदेराचा म्हणजे पाववाल्याचा रबरी भोंगा वाजला की पाव आले. मासळीवाल्याचा भोंगा वाजला की परात घेऊन बाहेर यायचे. हॉर्न म्हणजे दारात आलेल्या माणसाची हाक, ही समजूत अजून टिकून आहे. त्यामुळे मागून कुणी सतत हॉर्न वाजवत राहिला की इथल्या माणसाला तो अंगावर आल्यासारखा वाटतो. अंध वळणावर एकदा आखूड हॉर्न द्यायचा, उत्तर आले तर थांबायचे, हा मात्र जुना आणि उपयोगी संकेत आहे.

डिपरच्या बाबतीत घोटाळा आहे, आणि तो जीव घेणारा आहे. अरुंद पुलापाशी समोरच्याने दिवा उघडझाप केला तर खेड्यातला चालक समजतो, ‘तू ये, मी थांबलो’. हायवेवरच्या चालकाच्या लेखी त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि दोघेही एकाच वेळी पुलावर शिरतात. उजव्या इंडिकेटरचेही असेच. ट्रकवाला तो देतो तेव्हा कधी ‘मी वळतोय’ म्हणत असतो, तर कधी ‘समोर मोकळे आहे, तू पुढे जा’. कायद्यात यातला एकच अर्थ आहे, पहिला. दुसरा कितीही चांगल्या मनाने दिलेला असला तरी त्यावर विसंबून ओव्हरटेक करू नये, असे मी माझ्या घरातल्या नव्या चालकांना बजावून सांगतो. हाताच्या खुणेत असा घोळ होत नाही. खिडकीतून बाहेर काढलेला, खालवर हलणारा तळहात म्हणजे ‘हळू, पुढे काहीतरी आहे’. त्याला दुसरा अर्थ नाही.

वाटेत राखणदाराचे, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचे, स्थान आले की चालक एक हात छातीशी नेतो. म्हापशाच्या बोडगेश्वरापुढून जाणाऱ्या दुचाकीस्वारांत हे रोज दिसते. भाव खरा आहे, पण हात हँडलवरून सुटतो तो नेमका वर्दळीच्या ठिकाणी. वेग कमी करून मान लववणारेही बरेच आहेत, आणि देवाला तेवढे पुरते.

पायलट

मोटारसायकलवरून भाड्याने माणूस नेणारा ‘पायलट’ ही गोव्याची खास ओळख. ॲपवरून दुचाकी बोलावण्याची सोय देशात आली त्याच्या कितीतरी आधीपासून हा व्यवसाय इथे परवान्याने चालतो. पुढचे मडगार्ड पिवळे, ही त्याची खूण. बसस्टँडच्या तोंडाशी, बाजारात, फेरीच्या धक्क्यावर यांचे स्टँड असतात. गाड्या नंबराने उभ्या. पहिल्याला सोडून दुसऱ्याकडे गेलात तर दुसराच तुम्हाला पहिल्याकडे पाठवतो. ‘पायलट जाय?’ (पायलट पाहिजे?) एवढाच प्रश्न, मग दर ठरतो आणि पाठीमागच्याने नीट बसल्याचे सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही. बाजाराची पिशवी तो पुढे हँडलला अडकवतो. आजीबाई एका बाजूला बसल्या असतील तर खड्डा यायच्या आधी ‘धरून बसा’ म्हणतो.

गाव, वाडा, कुणाचे घर कुठे, दवाखाना कुठल्या आळीत, हे ज्ञान त्याच्याकडे नकाशापेक्षा पक्के असते. स्टँडजवळ अपघात झाला तर जखमीकडे आधी धावणाऱ्यांत पायलट असतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४अ हे कलम आले. या लोकांनी त्याची वाट पाहिली नव्हती. एक उणीव मात्र उरते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते, हे कलम १२९ स्पष्ट सांगते, आणि पायलटकडे दुसरे हेल्मेट बहुधा नसते.

हेल्मेटचा एकूणच इथला हिशेब चमत्कारिक आहे. गावातून निघताना ते आरशाला टांगलेले असते किंवा कोपरात अडकवलेले. हायवे आला की तिठ्यावर थांबून डोक्यावर चढते, हायवे सोडला की पुन्हा कोपरात. गावातला रस्ता आपला, तिथे काय होणार, ही समजूत यामागे आहे. गेल्या दशकातल्या बहुतेक वर्षी गोव्यात रस्त्यावर दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत निम्म्याहून जास्त दुचाकीवरची.

ट्रिप आणि घाई

बेदरकार चालवणे सगळे स्वभावातून येत नाही. बरेचसे पैशाच्या रचनेतून येते. राज्याचे कदंब परिवहन महामंडळ १९८० मध्ये स्थापन झाले, तरी गावोगावची वाहतूक मोठ्या प्रमाणात खासगी बसच करतात. त्यांची कमाई त्या दिवशी भरलेल्या माणसांवर. म्हणून स्टॉपवर बस रेंगाळते, मागून दुसरी दिसताच एकदम सुटते, आणि कंडक्टर दारात लोंबकळत ‘राव राव’ (थांब) आणि ‘वच वच’ (जा) यांच्यामध्ये प्रवासी ओढून घेतो. उतरणाऱ्याचा एक पाय जमिनीवर असतो तेव्हाच गाडी हललेली असते. पणजी–मडगाव आणि पणजी–वास्को या कदंबच्या विनाथांबा बसला खिडकीवर आधी तिकीट काढून रांगेने चढायचे असते. तिथे तोच प्रवासी शांतपणे उभा राहतो.

खाणीच्या ट्रकांचेही हेच झाले. ट्रिपमागे पैसे असल्यामुळे सावर्डे–कुडचडे आणि उसगाव पट्ट्यात ट्रकांची रांग आणि तिच्यातली चढाओढ लोकांनी वर्षानुवर्षे सोसली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ पासून खाणी थांबल्या, तेव्हा त्या गावांतले रस्ते निवांत झाले आणि ट्रकमालकांच्या घरातली चूल अडचणीत आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

काळी पाटी, बाहेरची पाटी

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेले वाहन. पर्यटक ते घेतात आणि किनारपट्टीच्या गावांत नकाशा बघत, मध्येच थांबत, चुकीच्या बाजूने वळत फिरतात. गाडी हाताखालची नाही, रस्ता ओळखीचा नाही, आणि हेल्मेटचा पट्टा लावलेला नाही. स्थानिकांचा राग समजण्यासारखा आहे. पण सारा दोष ‘भायल्यां’वर, म्हणजे बाहेरच्यांवर, टाकून आपण मोकळे होतो तेव्हा आपल्याच मुलांचे, भर पावसात घसरून मेलेल्यांचे, विसरायला होते.

दुसरी बाहेरची पाटी एमएच-०७, सिंधुदुर्गाची. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथली मराठी मुले वेर्णा, पिळर्ण इथल्या कारखान्यांत आणि २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर कामाला येतात. पत्रादेवीच्या सीमेवरून पहाटे दुचाक्यांची ओळ आत येते आणि रात्री परत जाते. त्यांची माणसे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात असतात, त्यांचे पाहुणे पेडण्यात आणि सत्तरीत. त्यांना बाहेरचे म्हणणे मला जमत नाही. चवथीच्या आदल्या दिवशी हा रस्ता उलट दिशेनेही भरतो. पणजीचा नोकरदार गावच्या घरी निघालेला असतो, मागच्या सीटवर माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडणीचे) सामान आणि मांडीवर गणपती. त्या दिवशी मूर्ती नेणाऱ्या गाडीला कोणी हॉर्न देत नाही, ओव्हरटेकही जपून करतात.

रुंद रस्ते

जुवारी नदीवरचा नवा पूल आठ पदरी. त्याची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये खुली झाली. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ चा. दोन्ही पुलांवर सुरुवातीला लोक गाड्या उभ्या करून फोटो काढत. एका गाडीपुरत्या बांधावर मागे सरकणारा चालक आठ पदरांवर आला की कुठल्या पदरात राहायचे ते त्याला कुणी शिकवलेले नसते. सर्कलवरही तेच. आत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, असे २०१७ चे विनियम सांगतात. पणजीच्या दिवजा सर्कलवर प्रत्यक्षात बस आधी जाते, मग मोटार, मग दुचाकी, आणि पायी माणूस शेवटी.

अंमलबजावणीचे प्रयोग झाले. नागरिकांनी नियमभंगाचे फोटो पाठवून गुण मिळवायचे, ही पोलिसांची ‘ट्रॅफिक सेंटिनल’ योजना २०१७ मध्ये आली. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा फोटो काढावा हे अनेकांना रुचले नाही. मेरशीच्या चौकात २०२३ पासून कॅमेऱ्यांवर चालणारी, आपोआप चलन पाठवणारी सिग्नल यंत्रणा आहे. तिथे झेब्रा पट्ट्यामागे थांबलेली गाडी दिसते. पुढच्या, कॅमेरा नसलेल्या चौकात तीच गाडी पट्ट्यावर असते. दारूच्या बाबतीत कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. महामार्गालगतच्या दारू दुकानांवर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आला तेव्हा गोव्यात मोठी खळबळ उडाली होती. पुढे पालिका हद्दीला सवलत मिळाली. पिऊन चालवणाऱ्याच्या हातातून किल्ली काढून घेणारा मित्र अजूनही पोलिसापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडतो.

पावसाळा आणि गुरे

जून ते सप्टेंबर गवत आणि माती भिजलेली असते. डांबर त्यातल्या त्यात कोरडे. म्हणून गुरे रात्री रस्त्यावर येऊन बसतात. काळी गाय, काळा रस्ता, पाऊस आणि समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांवर. काही ठिकाणी स्वयंसेवक गुरांच्या गळ्यात चमकणारे पट्टे बांधतात. गावात हॉर्न वाजवून गुरांना उठवत नाहीत, कारण बिचकलेले जनावर कुठल्या बाजूला उठेल ते सांगता येत नाही. पहिला दुचाकीवाला कडेला थांबतो, हेडलाइट गुरांवर धरतो आणि मागून येणाऱ्याला तळहात खालवर करून दाखवतो. मागचा वेग कमी करून त्याच्या शेजारी येतो, काच खाली करून ‘किती आहेत?’ विचारतो. ‘पाच, आणि एक वासरू.’ मग तो आपली गाडी आडवी लावतो, इंडिकेटर चालू ठेवतो, आणि पहिला उतरून वासराच्या पाठीवर थाप मारायला जातो.