तान्हं बाळ आणि विमानातली खाट

विमान गोव्यात दाबोळीला उतरायला लागलं की कुठलं तरी बाळ हमखास टाहो फोडतं. केबिनमधला हवेचा दाब वाढत असतो. मोठी माणसं जांभई देऊन, आवंढा गिळून कान मोकळे करतात, तान्ह्याला ते कळत नाही. गेल्या मे महिन्यात माझ्या पलीकडच्या ओळीतल्या आजीने लेकीला कोकणीत एवढंच सांगितलं, "ताका बाटली दी गो." जुवारी नदी दिसायच्या आतच बाळ गप्प. मुंबईहून येणाऱ्या तासा-सव्वातासाच्या विमानात याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. बिझनेस आणि फर्स्ट क्लासमध्ये लहान मुलं नकोत, अशी मागणी काही प्रवासी करतात, ती आली रात्रभराच्या प्रवासांतून.

रात्रभराचा प्रवास आम्हालाही नवा नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून पणजीला येणाऱ्या 'कोकण सेवक' बोटीवर लोअर डेकला चादरी अंथरून माणसं पसरायची, आणि दोन खांबांना साडी बांधली की बाळाची झोळी तयार. वरच्या डेकचं तिकीट महाग होतं, पण ते वाऱ्यासाठी, शांततेसाठी नव्हे.

विमानातही सुरुवातीला असंच होतं. अटलांटिकवर स्वस्त 'टुरिस्ट' भाडं आलं १९५२च्या मे महिन्यात. त्याआधी वर्ग हा प्रश्नच नव्हता, ज्याला परवडे तो जाई. त्या काळात बीओएसी या ब्रिटिश कंपनीच्या विमानांत सामानाच्या फळीखाली बाळाचा पाळणा टांगत, त्याला 'स्कायकॉट' म्हणत. जाहिरातींतही तो मिरवायचे. १९५८मध्ये इकॉनॉमी आला, सत्तरीच्या अखेरीस बिझनेस क्लास. तोवर महाग तिकिटात मिळायचं काय, तर रुंद खुर्ची, बरं जेवण, फुकट दारू. शेजारच्या बाळाने त्यातलं काहीच हिरावलं जात नव्हतं.

खरी गोम खाटेत आहे. पिस्टन इंजिनांच्या विमानांतले बर्थ जेट आल्यावर गेले होते. नव्वदीच्या मध्यावर ब्रिटिश एअरवेजने फर्स्टमध्ये पूर्ण आडवं होणारं आसन आणलं, २००० साली बिझनेसमध्येही. बाकीच्यांना मागे राहून चालणार नव्हतं. म्हणजे कंपन्या आता झोप विकू लागल्या, आणि लाखभर मोजून घेतलेली झोप मोडली की माणूस तक्रार करणारच. माझ्या मते तक्रार खोटी नाही. पण तिचं मूळ बाळात कमी, जाहिरातीत जास्त आहे.

२०११मध्ये मलेशिया एअरलाइन्सने बोइंग ७४७च्या फर्स्ट क्लासमध्ये तान्ह्यांना मज्जाव केल्याचं उघड झालं, तेही कंपनीच्या प्रमुखांनी ट्विटरवर कुणाला तरी उत्तर दिलं त्यातून. एवढे पैसे देऊन झोप लागत नाही, अशा प्रवाशांच्या तक्रारी होत्या. पुढच्या वर्षी एअरबस ए-३८०च्या वरच्या मजल्यावरचा ७० आसनांचा इकॉनॉमी भागही बारा वर्षांखालच्या मुलांना बंद झाला.

इथून गोष्ट वेगळ्याच वाटेला लागली. मनाई पसरली ती स्वस्त विमानांत! २०१३मध्ये मलेशियाच्या एअरएशिया एक्सने इकॉनॉमीच्या पुढच्या सात ओळी 'क्वाएट झोन' केल्या, त्याच वर्षी सिंगापूरच्या स्कूटने तेच केलं. २०१६मध्ये आपल्या इंडिगोने १ ते ४ आणि ११ ते १४ या ओळी बारा वर्षांखालच्यांना नाकारल्या. पाय पसरायला जास्त जागा असलेल्या, म्हणून जादा पैशांच्या ओळी त्यांतच होत्या. २०२३मध्ये कोरेंडन या विमानकंपनीने अ‍ॅमस्टरडॅम ते कॅरिबियनमधलं कुरासाव बेट या मार्गावर सोळा वर्षांवरच्यांसाठी वेगळा भाग काढला, साध्या आसनाला ४५ युरो जादा. बड्या कंपन्या मात्र बिझनेसमध्ये बाळांना घेतातच. घेणार नाहीत तर काय? बाळासोबत मोठ्यांची तिकिटं असतात.

आणि पडद्याने आवाज अडतो थोडाच? विमानात सिगारेट चालायची तेव्हाही 'धूम्रपानाच्या ओळी' वेगळ्या होत्या. बाराव्या ओळीतला धूर अकराव्या ओळीत जात नाही, असं सगळे धरून चालायचे.

गोव्यात हा विषय लांबचा वाटेल, पण एअर इंडियाचं बोइंग ७८७ इथून थेट लंडनच्या गॅटविकला जायचं तेव्हा त्यात बिझनेसच्या अठरा खाटा होत्या, आणि मागे इकॉनॉमीत इंग्लंडमधल्या स्विंडनला नातवंडं दाखवायला-बघायला निघालेला निम्मा सासष्टी तालुका. मांडीवरच्या बाळाला आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के पडतात, म्हणजे बिझनेसमध्ये बाळही चांगलंच पैसे मोजतं.

त्याला तिथून उठवलं तर ते बसेल कुठे? बाळाचा पाळणा लागतो तो दुभाजक भिंतीला. बऱ्याच विमानांत इकॉनॉमीतली ती भिंत बिझनेसच्या शेवटच्या खाटेच्या लगेच मागे असते.